ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या अन्नसाहाय्यात तंत्रज्ञान वापरताना या चुका टाळा

अन्नसाहाय्याची योजना ऑनलाइन झाली की कार्यालयाचे काम हलके होते, यात शंका नाही. परंतु ज्याच्या घरी ते अन्न पोहोचायचे आहे त्याचे काम हलके झाले का, हे फारसे कोणी तपासत नाही. पूर्वी ज्या कामासाठी एका खिडकीवर जावे लागत होते, त्यासाठी आता स्मार्टफोन, पासवर्ड, ओटीपी आणि स्कॅन केलेली कागदपत्रे लागत असतील, तर कार्यालयाचे ओझे अर्जदाराच्या खांद्यावर गेले, एवढेच घडले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील २८ वे कलम पुरेशा अन्नासह योग्य राहणीमानाचा हक्क मान्य करते आणि ९ वे कलम माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असावे, असे सांगते. ही दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर अन्न मिळणे हे ॲप चालवता येण्यावर अवलंबून ठेवता येणार नाही.

कागदी अर्ज जसाच्या तसा पडद्यावर आणणे

कार्यालयाकडे आधीपासून असलेली जन्मतारीख, पत्ता, निवृत्तिवेतनाची रक्कम किंवा अपंगत्वाचे प्रमाणपत्र पुन्हा मागू नये. ती माहिती आधीच भरून दाखवावी आणि अर्जदाराकडून फक्त तिची खात्री करून घ्यावी. ज्यांचे उत्पन्न ठरावीक असते आणि वर्षानुवर्षे बदलत नाही, त्यांना वारंवार नूतनीकरण करायला लावण्यातही अर्थ नाही. खरी सोय इथेच होते, पण अर्जाचा रंग बदलण्यापेक्षा हे काम किचकट असल्यामुळे ते मागे पडते.

ठसा जुळला नाही म्हणून व्यक्तीला परत पाठवणे

सर्वाधिक नुकसान या चुकीने होते. वय वाढते तशी त्वचा कोरडी होते, बोटांवरच्या रेषा झिजतात आणि आयुष्यभर हातांनी कष्ट केलेल्यांच्या रेषा तर आधीच पुसट झालेल्या असतात. यंत्र पुन्हापुन्हा ‘जुळत नाही’ असे दाखवत असेल, तर प्रथम सेन्सरची काच मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. बोट फार कोरडे असल्यास ओलसर कापडाने पुसून घ्यावे आणि अंगठ्याऐवजी इतर बोटे लावून पाहावीत. बोट जोरात दाबायला सांगू नये, कारण त्याने रेषा पसरतात आणि ठसा आणखी बिघडतो. जे बोट जुळले त्याची नोंद ठेवली, तर पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करता येते.

एवढे करूनही जमले नाही, तर तिथेच थांबावे आणि पर्यायी ओळख स्वीकारावी. बुबुळांचे स्कॅनिंग काही नेत्रविकारांत अडते. चेहरा ओळखणारे ॲप ‘वर्तुळात चेहरा आणा, डोळे मिचकावा’ असे सांगते, तेव्हा दृष्टिहीन व्यक्तीला ते वर्तुळ दिसत नाही आणि चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्याला पापणी मिटता येत नाही. म्हणून कार्ड, छायाचित्र पाहून पटवलेली ओळख किंवा नोंदलेला प्रतिनिधी असा मार्ग पहिल्या दिवसापासून तयार हवा आणि तो वापरण्याचा अधिकार समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला हवा. वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत वॉकर धरून उभे राहण्याची पाळी कोणावरही येऊ नये. आणखी एक गोष्ट: ‘ओळख जुळली नाही’ आणि ‘लाभार्थी आला नाही’ या दोन नोंदी प्रणालीत वेगळ्या ठेवाव्यात. त्या एकत्र केल्या, की यंत्राचे अपयश लाभार्थ्याच्या अनुपस्थितीच्या रकान्यात जाऊन बसते.

न उचललेले साहाय्य आपोआप बंद करणे

वरची चूक इथे गंभीर रूप घेते. काही महिने कोणी अन्न नेले नाही की ‘गरज नाही’ असे मानून नाव वगळण्याचा नियम प्रणालीत घालणे सोपे असते. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत त्याचा अर्थ तो आजारी आहे, पडला आहे, रुग्णालयात आहे किंवा त्याला आणणारे कोणी उरलेले नाही, असाही असू शकतो. अशी नोंद दिसताच प्रणालीने नाव कापू नये, तर कर्मचाऱ्याला फोन करण्याची आणि गरज पडल्यास घरी जाण्याची सूचना द्यावी. दोन याद्यांमधील नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडल्यानेही माणसे वगळली जातात. संगणकाने संशयित नावे शोधावीत, पण वगळण्याचा निर्णय माणसाने, लेखी कारण देऊन आणि दाद मागण्याची मुदत ठेवूनच घ्यावा. तोवर अन्न चालू राहावे.

ओटीपी आणि पडद्याची घाई

नोंदलेला मोबाइल क्रमांक पुष्कळदा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो, त्यामुळे ओटीपी येतो पण हाती लागत नाही. क्रमांक बदलण्यासाठी जुन्याच क्रमांकावर ओटीपी पाठवणारी प्रणाली तर माणसाला कायमची बाहेर ठेवते. हा बदल प्रत्यक्ष भेटीत करता आला पाहिजे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणारी व्यक्ती संदेश ऐकून अर्जाकडे परतेपर्यंत मुदत संपते आणि भरलेले सगळे पुसले जाते. संकेतस्थळांच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि ती साध्या कृतीने वाढवून घेण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत. याच निकषांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरक (काँट्रास्ट) किमान ४.५:१ हवा. चुकलेल्या रकान्याला केवळ लाल चौकट देऊ नये, काय चुकले ते शब्दांत लिहावे. आणि प्रत्येक बटनाला नाव द्यावे, नाहीतर स्क्रीन रीडर नुसते ‘बटन, बटन’ म्हणत राहतो. चित्रातील अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाकणेच उत्तम.

फोनवरील स्वयंचलित सेवा अनेक ज्येष्ठांना ॲपपेक्षा सोयीची वाटते. मात्र ती कर्णबधिरांच्या उपयोगाची नाही, म्हणून सोबत लेखी संदेशाची सोय हवीच.

मदतनिसाला चोरवाट वापरायला लावणे

पासवर्ड आणि पिन नातेवाइकाला सांगावा लागणे ही लाभार्थ्याची बेफिकिरी नसून प्रणालीतील उणीव आहे. प्रतिनिधीला स्वतंत्र लॉगिन, मर्यादित अधिकार आणि लाभार्थ्याला कधीही ते काढून घेण्याची मुभा द्यावी. प्रत्येक उचलीचा संदेश लाभार्थ्याला त्याच्या सोयीच्या माध्यमातून स्वतंत्रपणे मिळावा.

घरपोच सेवेत फक्त पत्ता विचारणे

दार उघडायला वेळ लागतो का, घंटा ऐकू येते का, गिळण्याचा त्रास आहे का, झाकण हातांनी उघडता येते का, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे आणि पोहोचवणाऱ्याच्या फोनवर त्याला आवश्यक तेवढीच माहिती दिसावी. ‘कोणी घरी नाही’ हे बटन ठरावीक वेळ थांबण्यापूर्वी आणि एक फोन केल्याशिवाय दाबताच येऊ नये. गिळण्याच्या त्रासासाठी अन्नाचा घट्टपणा ० ते ७ अशा पातळ्यांत सांगणारी आंतरराष्ट्रीय पद्धत उपलब्ध आहे. ‘मऊ जेवण’ अशा मोघम शेऱ्याऐवजी ती पातळी नोंदवल्यास स्वयंपाकघरात गोंधळ होत नाही.

चाचणी कार्यालयातील तरुण कर्मचाऱ्यांवर करून भागत नाही. कंप असलेला हात, मोतीबिंदू असलेला डोळा, स्क्रीन रीडर आणि जुना फोन वापरणारी माणसे यांना सुरुवातीपासून, मानधन देऊन सोबत घ्यावे, आणि ती कुठे अडतात हे त्यांना मध्येच मदत न करता पाहावे.