क्लिपरटनवर उतरायची तयारी: परवानगीच्या अर्जापासून पाण्याच्या कॅनपर्यंत

आधी जागा नीट डोक्यात बसवून घ्या. क्लिपरटन 10 अंश 18 मिनिटे उत्तर अक्षांश आणि 109 अंश 13 मिनिटे पश्चिम रेखांशावर, मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,080 किमी आत, प्रशांत महासागरात आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं अगदी खरंखुरं कंकणद्वीप, म्हणजे कड्याच्या आकाराचं प्रवाळबेट. परीघ सुमारे 12 किमी, जमिनीची पट्टी बऱ्याच ठिकाणी दीडदोनशे मीटर रुंद, सर्वात अरुंद जागी 45 मीटर. मधलं खारकच्छ, म्हणजे बेटाने वेढलेलं सरोवर, चहूबाजूंनी बंद आहे. समुद्रातून आत जायला एकही वाट नाही. आग्नेयेला 29 मीटर उंचीचा ज्वालामुखीय खडक सोडला तर सगळं बेट समुद्रापासून जेमतेम दोनचार मीटर वर. बंदर नाही, धक्का नाही, धावपट्टी नाही, कायमची वस्ती नाही. पण मालक आहे, आणि तयारीची सुरुवात तिथूनच करावी लागते.

क्लिपरटन फ्रान्सचं आहे. फ्रेंच पॉलिनेशियाचा भाग समजून लोक इथे पहिली चूक करतात. 2007 च्या फेब्रुवारीतल्या कायद्याने ते थेट फ्रान्सच्या परदेश-प्रदेश मंत्र्याच्या अखत्यारीत आलं. रोजचा कारभार फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहितीत, पापीते इथल्या फ्रान्सच्या उच्चायुक्ताकडे सोपवलेला आहे, म्हणून पत्रव्यवहार तिकडे होतो, बेटापासून सुमारे 5,400 किमी दूर. तिथल्या स्थानिक सरकारचा किंवा विधानसभेचा याच्याशी संबंध नाही. अर्ज त्यांच्या नावाने लिहिलात तर तो फिरत राहील. जमीन पूर्णपणे राज्याच्या मालकीची आहे आणि फ्रान्सचे कायदे इथे आपोआप लागू होतात.

अर्ज किमान वर्षभर आधी पाठवा, आणि फ्रेंचमध्येच. त्यात जहाजाचं नाव, ध्वज व नोंदणी क्रमांक, प्रत्येक माणसाचं राष्ट्रीयत्व व पासपोर्टची प्रत, बेटावर राहण्याच्या तारखा, तळाची जागा दाखवणारा नकाशा, नेणाऱ्या यंत्रांची यादी, कचरा परत आणण्याची पद्धत, वैद्यकीय सोय आणि विमा, एवढं सगळं पहिल्याच खेपेला द्यावं. तारखा देताना मागेपुढे आठवडाभर सूट मागून ठेवा. समुद्र चार दिवस उतरू देत नाही तेव्हा परवानगीची मुदत संपून जाते. 2016 पासून बेट आणि भोवतालचा 12 सागरी मैलांचा पट्टा संरक्षित आहे, म्हणून पक्ष्यांच्या जवळ जाणं, नमुने गोळा करणं, ड्रोन उडवणं, मासे धरणं यांतलं काहीही करायचं असेल तर तेही अर्जात स्पष्ट लिहायचं. जे लिहिलं नाही, ते करायचं नाही. हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवणाऱ्यांना, उतरण्याच्या परवानगीखेरीज फ्रान्सची कॉलसाइनही (केंद्राचं ओळखनाव) लागते. फ्रान्सकडून साधारण टीएक्सने सुरू होणारी खास कॉलसाइन मिळते, जशी 2024 च्या मोहिमेची टीएक्स5एस होती. दोन्ही कागद वेगळे, दोन्ही छापून आणि प्लास्टिकमध्ये सीलबंद करून बेटावर सोबत हवेत.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी व्हिसाचा हिशोब उलटा, म्हणजे परतीपासून करावा. क्लिपरटन शेंगेन क्षेत्रात (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) येत नाही, तेव्हा शेंगेन व्हिसाच्या भरवशावर राहू नका. तुमच्या राष्ट्रीयत्वासाठी काय लागतं ते उच्चायुक्तालयाकडून लेखी मागवा. जहाज सान दिएगोहून सुटत असेल तर परत येताना तुम्ही अमेरिकेत नव्याने प्रवेश करता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर अडकाल. वैध अमेरिकी व्हिसावर मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे काबो सान लुकासहून निघणं सोयीचं. तिथून सरळ दक्षिणेला सुमारे 750 सागरी मैल, 8 नॉटच्या (ताशी 8 सागरी मैल) जहाजाला चार दिवस.

काळ निवडायचा तो जानेवारी ते एप्रिल. पूर्व प्रशांतात चक्रीवादळांचा हंगाम 15 मेपासून 30 नोव्हेंबरपर्यंत मानतात आणि पावसाळाही त्याच सुमाराचा. तरी कोरड्या महिन्यांतही हजारो मैलांवरच्या वादळाने उठलेली लांब लाट इथे येऊन फुटतेच. वारा नाही म्हणून समुद्र शांत, हा समज इथे महागात पडतो.

खरी अडचण शेवटच्या दोनशे मीटरची आहे. बेटाभोवतीचा तळ कड्यासारखा खोल जातो, नांगर टाकण्याजोगी कड अरुंद आहे, आणि वारा फिरला की जहाज प्रवाळावर जाण्याचा धोका असतो. जहाजावर रात्रंदिवस पहारा हवा आणि निघायला इंजिन तयार हवं. माणसं आणि सामान रबरी होडीतून न्यायचं. अशा दोन होड्या आणि तीन आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायची) इंजिनं घ्या. जास्तीचे प्रोपेलरचे पंखे, शिअर पिना (पंखा अडकला की आधी तुटून इंजिन वाचवणाऱ्या), ठिगळ लावायचं साहित्य हे दुप्पट घ्या. होडी चालवणाऱ्याने आधी बाहेर थांबून किमान वीस मिनिटं लाटा मोजायच्या. मोठ्या लाटा गटाने येतात. गट फुटून गेला की मागच्या लहान लाटेच्या पाठीवर बसून आत शिरायचं, तिच्या पुढे जायचं नाही. होडी आडवी झाली की उलटते, आणि बहुतेक वेळा ती आडवी होते ती जड सामान एका बाजूला सरकल्यामुळे. म्हणून एकेक नग 20 किलोच्या आसपास, प्रत्येकाला दोन मुठी, प्रत्येक नग तरंगणारा किंवा ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) आणि दोराने बांधलेला. होडीत कुणीही लाइफ जॅकेटशिवाय नको. प्रवाळाच्या उथळ कठड्यावर चालताना जाड तळव्याचे बूट घाला. प्रवाळाचा साधा ओरखडासुद्धा दोन दिवसांत पिकतो. जखम लगेच पिण्याच्या पाण्याने घासून धुवा, आतले कण चिमट्याने काढा, जंतुनाशक लावा, आणि ओले बूट घालून पुन्हा पाण्यात जाऊ नका.

पाण्यात काटकसर करू नका. सरोवराचं पाणी पिण्याजोगं नाही. ते साचलेलं आहे आणि खोलात हायड्रोजन सल्फाइडने भरलेलं आहे. पंधरा माणसं, दहा दिवस, माणशी रोज 6 लिटर म्हणजे 900 लिटर. त्यावर निम्मं जास्तीचं धरून 1,350 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 68 कॅन. एका फेरीत सहा कॅन नेले तर नुसत्या पाण्याच्याच बारा फेऱ्या. त्यामुळे पहिल्याच फेऱ्यांत उतरणाऱ्या माणसांपुरतं तीन दिवसांचं पाणी, कोरडं अन्न, ताडपत्री, औषधांची पेटी आणि व्हीएचएफ वॉकीटॉकी किनाऱ्यावर पोचलंच पाहिजे. दुपारी समुद्र बिघडला आणि बाकीचं सामान जहाजावर अडकलं, असं इथे नेहमी होतं. अन्नासाठी बेटावर मुळीच विसंबू नका. 1914 नंतर रसद थांबली तेव्हा तेव्हा इथे तैनात असलेली मेक्सिकन शिबंदी बहुतांशी स्कर्व्हीने (ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाने) संपली. 18 जुलै 1917 ला अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाउन जहाजाने उरलेल्या बायका आणि मुलांना उचललं. नारळाची झाडं आहेत, पण ती मोजकी.

इंधनाचा हिशोबही असाच. 2 किलोवॅटचे चार इन्व्हर्टर जनरेटर रात्रंदिवस चालले आणि तासाला 0.7 लिटर धरलं, तर दहा दिवसांना सुमारे 670 लिटर पेट्रोल. धातूचे कॅन घ्या, जनरेटर पूर्ण थंड झाल्यावरच भरा आणि खाली ट्रे ठेवा, कारण प्रवाळाच्या भुग्यात सांडलेलं पेट्रोल सरळ खाली झिरपतं.

तळ कुठे टाकायचा, हे पक्ष्यांवर सोडा. मास्क्ड बूबी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि इथली त्यांची वसाहत जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी आहे. 1958 मध्ये केन स्टेजर या पक्षीशास्त्रज्ञाने माणसांनी आणलेली 58 डुकरं मारल्यावर ही वसाहत पुन्हा उभी राहिली. पुढे फुटलेल्या जहाजांवरून उंदीर आले आणि आता ते अंड्यांवर टपलेले असतात. सोबत नवं काही येऊ नये म्हणून प्रत्येक पिशवी उलटी करून झटका, बुटांच्या तळातली माती आणि बियांचे कण ब्रशने काढा, पुठ्ठ्याचे खोके जहाजावरच ठेवा.

अंधार पडला की नारिंगी खेकडे निघतात. टॉर्च फिरवली तर तंबूच्या दोरांवर, जनरेटरखाली, काढून ठेवलेल्या बुटात, सगळीकडे त्यांच्या नांग्या हलताना दिसतात. झोपायच्या खाटा जमिनीपासून हातभर उंच हव्यात, अन्न धातूच्या झाकणबंद पेटीत, केबल शक्यतो खुंट्यांवर टांगलेल्या. जमिनीवरून न्यायच्या त्या जाड नळीतून, म्हणजे उंदीर कुरतडत नाहीत. अँटेनाच्या प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. खारी हवा आणि पक्ष्यांच्या विष्ठेतला अमोनिया मिळून तांबं हिरवं करतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने इथे हवामान केंद्र चालवलं होतं आणि तेव्हाचा दारूगोळा अजून पडून आहे. गंजलेली पेटी किंवा काडतूस दिसलं तर हात लावू नका, जागेभोवती फीत बांधा आणि सगळ्यांना दाखवून ठेवा. हेलिकॉप्टर मुख्य भूमीवरून इथवर पोचत नाही, आजारी माणसाला जहाजानेच चार दिवस न्यावं लागतं. म्हणून तुकडीत डॉक्टर असावा, उपग्रह फोन दोन असावेत आणि दातांची तपासणी निघण्याआधीच करून घ्यावी.

परतीसाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेवा. कचरा, रिकामे कॅन, तारांचे तुकडे, राख, सगळं मोजून जहाजावर चढवायचं आणि तळाच्या जागेचे आधीचे व नंतरचे फोटो अहवालासोबत पापीतेला पाठवायचे. जड सामान आधी जाऊ द्या. शेवटच्या होडीपर्यंत किनाऱ्यावर दोन दिवसांचं पाणी, ताडपत्री आणि वॉकीटॉकी राहिली पाहिजे.