मणक्याच्या ऑपरेशननंतर संगीत: कधी, किती वेळ, किती आवाजात

दिवसभर गाणी चालू ठेवली की ती पंख्याच्या घरघरीसारखी होतात, कान त्यांची दखलच घेत नाही. दुखणं आणि धास्ती कमी व्हावी म्हणून लावायचं संगीत गोळीसारखं वेळ धरून द्यावं: दिवसातून दोन-तीनदा, २० ते ३० मिनिटं.

रुग्णाला धास्ती असते ती कूस बदलण्याची आणि पलंगावरून उठण्याची. धास्तीने पाठ आवळते, आवळली की आणखी दुखते. म्हणून उठण्याआधीची वेळ साधा. वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या तासाने संगीत लावा, ते संपत आलं की उठण्याची तयारी करा. तोवर गोळीचाही असर आलेला असतो. लावण्यापूर्वी ‘० ते १० मध्ये किती दुखतंय?’ असं विचारून आकडा लिहा, नंतर पुन्हा विचारा. एखाद-दुसरा अंक उतरला तरी पुष्कळ झालं. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

निवड रुग्णाची, नातेवाइकांची नव्हे. मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांची संथ लय, शक्यतो नुसतं वाद्यसंगीत. रुग्ण फार अस्वस्थ असेल तर आधी थोडी जलद रचना लावून हळूहळू लय उतरवा. एकदम विलंबित लावलं तर तो वैतागतो. जुन्या आठवणींनी रडू आणणारं गाणं टाळा. हुंदक्याने टाक्यांवर ताण येतो.

आवाज साध्या बोलण्याइतका, नर्सची हाक ऐकू आली पाहिजे. हेडफोनची वायर कूस बदलताना सलाइनच्या नळीत अडकते. मानेला कॉलर असेल तर हेडफोन नीट बसतही नाही, तिथे छोटा स्पीकर बरा. मोबाइल बाजूच्या टेबलावर ठेवू नका, तो घ्यायला रुग्ण हमखास कंबरेत पिळतो. हाताशी, अंथरुणावरच ठेवा. गाणी डाउनलोड करून घ्या, मध्येच किंचाळणाऱ्या जाहिरातीने तो दचकतो आणि सगळी मेहनत वाया.

उठताना गुडघे वाकवायचे, श्वास सोडत खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवायची, लाकडाच्या ओंडक्यासारखी. सुरुवातीचे दिवस चालताना संगीत बंदच ठेवा. पाय ठेक्यावर पडू लागतात आणि तोल सांभाळायचं भान सुटतं.

पायात नव्याने अशक्तपणा, जांघेत बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ताप, जखमेतून स्राव: यांपैकी काहीही दिसलं तर गाणं पूर्ण व्हायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.