फॉर्मेशनमध्ये वेग जुळवताना: थ्रॉटलच्या तीन हालचाली

फॉर्मेशन म्हणजे विमानांनी एकमेकांजवळ, ठरलेली जागा राखत उडणं: एक लीडर, आणि त्याला धरून उडणारा विंगमन. नवा विंगमन मागे पडला की थ्रॉटल (इंजिनाची पॉवर बदलणारा लिव्हर) पुढे ढकलतो आणि जागेवर पोहोचल्यावरच मागे घेतो. चूक इथेच होते. थ्रॉटलने आधी जोर बदलतो, वेग मागाहून. तोवर साठलेला जादा वेग विमानाला जागेच्या पुढे नेतो, घाबरून पॉवर ओढली की पुन्हा मागे. हा झोका मोडायचा तर प्रत्येक दुरुस्ती तीन हालचालींत करा. थोडी पॉवर वाढवा. अंतर मिटू लागलं की जागेवर पोहोचण्याआधीच, होती त्याहूनही जराशी कमी करा. वेग जुळला की मधे आणून ठेवा. ही मधली जागा सुरुवातीच्या जागेपेक्षा किंचित पुढे येते, कारण आधीची पॉवर अपुरी होती म्हणूनच तुम्ही मागे पडलात.

मनगट टेकवून लिव्हर बोटांनी हलवा, तेही काही मिलिमीटरच. लीडरच्या पंखाच्या टोकावरचा दिवा आणि फ्यूजलाजवरची (विमानाच्या धडावरची) ठरवलेली खूण एका रेषेतून सरकू लागताच हात हलला पाहिजे. अंतर पडलेलं दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर.

पुष्कळदा दोष पॉवरचा नसतोच. १२० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) १० मीटर खाली घसरलात तर सुमारे ३ नॉट आपोआप मिळतात, वर चढताना तेवढेच जातात. म्हणून आधी उंची सुधारा, मग थ्रॉटलला हात लावा.

वळणात बाहेरच्या विंगमनचा घेर मोठा. १२० नॉट आणि ३० अंश बँकला (पंखांच्या कलाला) लीडरच्या वळणाची त्रिज्या सुमारे ६७० मीटर असते. १५ मीटर बाहेर असलात तर जवळजवळ अडीच नॉट जास्त लागतात, आतल्या बाजूला साधारण तेवढेच कमी. शिवाय लीडर कलताना बाहेरच्याला वर चढावं लागतं, त्यामुळे पॉवर त्याच क्षणी हवी.

लीडरने कधीही पूर्ण पॉवर लावू नये, विशेषतः चढताना. विंगमनला वाढवायला काही उरलंच नाही, तर त्याचं कौशल्य काय कामाचं? जेटमध्ये वेगळी काळजी: आयडलवरून (सर्वांत कमी पॉवरवरून) इंजिन जोर धरायला काही सेकंद घेतं, त्यामुळे थ्रॉटल अगदी तळाला नेऊ नका.

लांब गेल्यावर लीडरला पुन्हा जुळताना वेगात १० नॉटचा फरक म्हणजे सेकंदाला ५ मीटर. लांबून तो जाणवत नाही, जवळ आल्यावर लीडर एकदम मोठा दिसतो. थांबणं जमत नसेल तर पॉवर कमी करा, नाक किंचित खाली घ्या, लीडरच्या मागून आणि खालून बाहेरच्या बाजूला निघा. त्याच्याकडे पोट करून वळू नका. तो नजरेआड जाईल.