नवा मोबाईल घेताय? खोक्यावरचे आकडे वाचून पैसे मोजू नका

सोयाबीनची पट्टी हातात पडली की दिवाळीच्या तोंडावर लातूर, नांदेड, परभणीच्या मोबाईल दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्याच गर्दीत मी अण्णांसाठी फोन घेतला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत 108 मेगापिक्सेल लिहिलेलं, तेवढं वाचलं आणि पैसे मोजले.

पुढच्या खरिपात ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे मोबाईलवरून सरकारदरबारी पिकाची नोंद करायला, आम्ही दोघं शेतात गेलो. पिकाचा फोटो आपल्या गटात उभं राहूनच काढावा लागतो. डोक्यावर भर दुपारचं ऊन आणि स्क्रीन काळीठिक्कर. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी ताणून धरला, मी फोन त्याच्या सावलीत घेतला, तरी बटण कुठं आहे ते कळेना. "काहीच दिसंना बघ," अण्णा म्हणाले. कॅमेरा चांगलाच होता. उन्हात स्क्रीन दिसते का, हे मात्र मी घेताना पाहिलंच नव्हतं.

माझ्या मते आपल्या भागात ही सगळ्यात मोठी चूक. जाहिरातीत 'पीक ब्राइटनेस' म्हणून जो निट्सचा (उजेड मोजायचं एकक) आकडा असतो, तो बहुधा स्क्रीनच्या लहानशा भागाचा आणि थोड्या वेळापुरता असतो. उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते, म्हणजे 'हाय ब्राइटनेस मोड'चा आकडा किती, ते विचारा. त्याहून सोपं म्हणजे डेमो फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन व्हॉट्सॲपचा मेसेज वाचून बघा.

मेगापिक्सेलचंही तेच. 108 मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात बहुधा नऊ-नऊ पिक्सेल जोडून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यात वाईट काही नाही, कमी उजेडात फायदाच होतो. पण मागं तीन भिंगं दिसली म्हणून हुरळू नका. त्यातली 2 मेगापिक्सेलची मॅक्रो आणि डेप्थ भिंगं क्वचितच कामाला येतात. त्यापेक्षा ओआयएस, म्हणजे हाताचा हादरा सावरणारी सोय, आहे का बघा, हात थोडा हलला तरी फोटो सहसा पुसट येत नाही.

'16 जीबी रॅम' ऐकलं की खरी रॅम किती, असं विचारा. 8 अधिक 8 असेल तर दुसरे 8 स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि ते खऱ्या रॅमपेक्षा बरेच संथ चालतात. स्टोरेज भरत आलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करा, तेवढी जागा मोकळी होईल.

आता उन्हाळा. बऱ्याच कंपन्या 35 अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरायला सांगतात, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. फोन तापला की स्वतःला वाचवायला चार्जिंग मंद करतो, स्क्रीनचा उजेडही कमी करतो. म्हणून निव्वळ 80 किंवा 100 वॅट चार्जिंगसाठी जास्तीचे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. फोन तापत असेल तर चार्जिंगला लावताना कव्हर काढा, गादीवर न ठेवता फरशीवर ठेवा, ट्रॅक्टरवर उन्हात सोडू नका. गार करायला फ्रिजमध्ये तर मुळीच नको. आत बाष्प धरतं, आणि पाण्यानं बिघडलेला फोन साधारणपणे वॉरंटीत बसत नाही.

5जी फोन घेऊनही गावात 5जी मिळत नाही, ही तक्रार नेहमीची. आधी शेजाऱ्यांना विचारा, कोणत्या कंपनीची रेंज येते. जिओ वापरत असाल तर फोनमध्ये एन28 आणि एन78 हे बँड (5जीच्या लहरींचे पट्टे) आहेत का ते तपासा. 700 मेगाहर्ट्झचा एन28 लांबवर पोचतो.

ऑफरमधला मागच्या वर्षीचा मॉडेल स्वस्त दिसतो, पण अपडेटची वर्षं बहुधा तो बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. सर्व्हिस सेंटर कुठं आहे तेही विचारा. स्क्रीन फुटली तर जिल्ह्याच्या ठिकाणी किती हेलपाटे पडतील, ते गाडीभाड्यासकट धरा.

जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बघा. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो 15 अंकी नंबर 14422 वर मेसेज करा. उत्तरात ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट असं आलं, तर फोन कितीही स्वस्त असो, तिथंच परत द्या.