नाताळच्या जुन्या रेकॉर्डी जमवताना आणि इतरांना ऐकवताना या चुका टाळा

नोव्हेंबर संपत आला की नाताळच्या जुन्या, चमत्कारिक रेकॉर्डी जमवू लागलेल्या नव्या मंडळींचे प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. त्यांतील बहुतेकांची सुरुवात ‘मी असे केले, आता काय करता येईल?’ अशी असते. दरवर्षी तीच उत्तरे देऊन कंटाळा आल्यामुळे ती येथे एकदाच लिहून ठेवतो.

सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक अल्कोहोलची आहे. विनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची तबकडी पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेले द्रावण अनेक जण वापरतात, म्हणून तेच ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरही ओतले जाते. या तबकड्या बहुतांशी लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे लाकडाला पॉलिश करणारा कोणताही कारागीर सांगेल. पुसताच कापूस काळपट तपकिरी होतो, ‘बघा किती मळ निघाला’ म्हणून माणूस खूश होतो आणि आणखी जोराने घासतो. तो मळ नव्हे, ते गाणे असते. मी ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकतो, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवतो, कागदी लेबलाला ओल लागू देत नाही आणि तबकडी लगेच पुसून उभी ठेवून वाळवतो. याला वेळ लागतो. ज्याला तो द्यायचा नसेल त्याने तबकडी धुऊच नये.

एल.पी.ची, म्हणजे नंतरच्या काळातल्या विनाइलच्या मोठ्या तबकडीची सुई ७८ च्या तबकडीवर लावू नये. जुन्या रुंद खाचेला साधारण ७५ मायक्रॉनचे टोक लागते, तर एल.पी.चे टोक २५ मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक असते. ते खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथला कचरा वाजवते.

आता माझ्या खास रागाच्या विषयाकडे येतो, आणि त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे. खरखर काढणारे सॉफ्टवेअर एका बटणावर चालते, आणि नाताळच्या गाण्यांसाठी त्याच्याइतका वाईट मित्र नाही. तडा किंवा धूळ लागून येणारा ‘टक्’ हा आवाज क्षणार्धात उसळणारा आणि उच्च कंप्रतेचा असतो. बर्फावरच्या घसरगाडीच्या घुंगरांचा प्रत्येक ठोका नेमका तसाच असतो. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ते दोन्ही पुसून टाकते. बरीच वर्षे झाली, लहान मुलांच्या समूहगानाची एक ७८ ची तबकडी माझ्या हाती आली होती. तिच्यात गाण्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत घुंगरू वाजत होते. मी ती संगणकावर घेतली, सफाईची पातळी सर्वांत वर नेली, पार्श्वभूमीची शांतता ऐकून स्वतःवर खूश झालो, मूळ फाइल जागा खाते म्हणून काढून टाकली आणि सफाई केलेली प्रत पाच-सहा मित्रांना धाडली. त्यांच्यातल्या एका वयोवृद्ध संग्राहकाने एवढेच विचारले, “घुंगरू कुठे गेले?” मी पुन्हा ऐकले. जिथे घुंगरू होते तिथे वाळूवरून पाय घासल्यासारखा एक मऊ फुसफुस आवाज उरला होता. नव्याने ध्वनिमुद्रण करावे म्हणून तबकडी काढायला गेलो, तर वर ठेवलेल्या जड अल्बमांच्या ओझ्याने तिला कडेपासून लेबलापर्यंत तडा गेलेला होता. आता ती वाजवली की मिनिटाला ७८ वेळा तो तडा सुईखाली येतो.

तेव्हापासून माझा नियम कर्मठ आहे. मूळ ध्वनिमुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये होते, दोन वेगवेगळ्या डिस्कवर जाते आणि त्याला कोणी हात लावत नाही. रेकॉर्ड मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीची असली तरी मी डावे-उजवे दोन्ही चॅनेल घेतो, कारण पुष्कळदा खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. सफाई प्रतीवरच करतो आणि तीही लहरींचा आलेख डोळ्यांसमोर ठेवून, एकेक ‘टक्’ हाताने काढत. तीन मिनिटांच्या गाण्याला एक संध्याकाळ जाते. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधण्यापेक्षा खरखरीसकट गाणे ऐकवावे. ऐकणारे तक्रार करत नाहीत.

जुने म्हणजे दुर्मीळ, ही दुसरी समजूत कशानेच जात नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात गुडइयर आणि फायरस्टोन या टायर कंपन्यांनी दरवर्षी नाताळच्या गाण्यांचे एल.पी. काढले आणि ते आपल्या दुकानांतून डॉलरला एक या दराने विकले. ते लाखांनी खपले, म्हणून आजही जुन्या सामानात ढिगाने सापडतात. ते मजेदार आहेत, पण दुर्मीळ नाहीत. अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी यांच्या ‘व्हाइट ख्रिसमस’चेही तेच आहे. शिवाय त्यात आणखी एक खोच आहे. १९४२ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणाचा मूळ साचा प्रती काढून काढून झिजला, म्हणून १९४७ मध्ये तेच गाणे त्याच धर्तीवर पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले, आणि आपण साधारणतः ऐकतो ते हे दुसरे. लेबलावर गाण्याचे नाव वाचून ‘१९४२ ची मूळ प्रत’ असे जाहीर करणाऱ्यांनी आधी लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडी कोणत्या ध्वनिमुद्रणाची आहे ते सांगणारा क्रमांक, भिंगातून वाचावा.

हाच क्रमांक, लेबलाचे छायाचित्र आणि तबकडीची अवस्था यांच्याशिवाय मी कोणालाही फाइल पाठवत नाही. ‘मजेशीर नाताळ ३’ अशा नावाच्या फाइली मला येतात. त्या मी उघडतही नाही.

गाणे जुने म्हणजे ध्वनिमुद्रणही मोकळे, असेही मानू नये. ‘जिंगल बेल्स’ १८५७ चे आहे आणि त्याची चाल सर्वांची आहे, पण कुत्र्यांच्या भुंकण्याचे तुकडे जोडून तयार केलेली तिची १९५५ ची रेकॉर्ड अमेरिकन कायद्याने २०६५ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. अशी रेकॉर्ड मित्रांना घरी बोलावून ऐकवावी. सर्वांसाठी खुली करून ठेवू नये.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पी.व्ही.सी.च्या पिशवीत विनाइल वर्षानुवर्षे ठेवल्यास पृष्ठभागावर धुरकट थर येतो. फ्लेक्सी, म्हणजे वाकणाऱ्या पातळ प्लॅस्टिकची तबकडी घसरत असेल तर ती एखाद्या टाकाऊ एल.पी.वर ठेवून वाजवावी. टपालाने एल.पी. पाठवताना तबकडी वेष्टनाबाहेर काढून त्याच्या मागे ठेवावी, नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी वेष्टनाची शिवण फाटते. आणि लाखेच्या तबकड्या डिसेंबरात टपालाने पाठवूच नयेत. त्या गर्दीत पार्सले कशी फेकली जातात ते मी पाहिले आहे, म्हणून माझी पाकिटे फेब्रुवारीत निघतात.