अमेरिकी सैन्यातून ट्रेनिंगमध्येच मेडिकलवर परत पाठवलं असेल, तर डिस्चार्जचा कागद दुरुस्त कसा करून घ्यावा

अमेरिकी सैन्यात भरती व्हायला नागरिकत्व लागतंच असं नाही, ग्रीन कार्डवरही भरती होता येते. त्यामुळे न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतूनही मुलंमुली बेसिक ट्रेनिंगला जातात. त्यांतली काही पाय मोडून, दम्याची शंका आली म्हणून किंवा मानसिक त्रासाच्या निदानावर काही आठवड्यांतच घरी परततात. सोबत येतो डीडी-214 हा डिस्चार्जचा कागद आणि त्यावर सेवेच्या दर्जापुढे एकच शब्द: 'अनकॅरॅक्टराइज्ड'. हा शब्द वाचून घरचे हादरतात आणि 'ऑनरेबल (म्हणजे सन्मानपूर्वक) करून द्या' असा अर्ज घाईने धाडतात. बहुतेकदा तो नामंजूर होतो, कारण मागणीच चुकीची असते.

या शब्दाचा अर्थ इतकाच की सेवा फार थोडी झाली, म्हणून चांगली-वाईट ठरवलेली नाही. तो ठपका नव्हे, आणि असे अर्ज तपासणारं सैन्याचं बोर्डही नकार देताना नेमकं हेच लिहितं. ट्रेनिंगच्या सुरुवातीच्या काळात, ज्याला एन्ट्री लेव्हल म्हणतात, ऑनरेबल दर्जा फक्त असाधारण वर्तन किंवा कामगिरीसाठी, तोही वरिष्ठ पातळीवरच्या खास मंजुरीने मिळतो. 'मी प्रामाणिकपणे मेहनत केली' हे खरं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. कागदात चूक नेमकी कुठे झाली ते शोधायचं आणि तीच दुरुस्त करून मागायची.

आधी कागद नीट वाचा

डीडी-214 च्या प्रती वेगवेगळ्या असतात. छोट्या प्रतीवर डिस्चार्जचं कारण छापलेलंच नसतं. तुम्हाला हवी 'मेंबर-4' ही लांब प्रत. तिच्यात हे रकाने बघा:

12-अ, 12-ब, 12-क: रुजू झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख, एकूण सेवा.
24: सेवेचा दर्जा.
25: कोणत्या नियमाखाली सोडलं.
26: सेपरेशन कोड, तीन अक्षरी.
27: फेरभरतीचा कोड, म्हणजे आरई कोड.
28: डिस्चार्जचं कारण, शब्दांत.

सगळ्यात जास्त सांगतो तो 26 वा रकाना. 'जेएफडब्ल्यू' असेल तर भरतीच्या वैद्यकीय निकषात तुम्ही मुळातच बसत नव्हता, असं सैन्याचं म्हणणं आहे. 'जेएफव्ही' म्हणजे सेवेत अडथळा आणणारी, पण अपंगत्वात न मोडणारी स्थिती. 'जेजीए' म्हणजे ट्रेनिंगमधली कामगिरी आणि वर्तन; हा कोड वैद्यकीय नाहीच. दुखापतीमुळे धावता येत नव्हतं आणि कागदावर मात्र जेजीए पडलंय, असं असेल तर तुमच्या हातात खरा मुद्दा आहे.

मग दिवस मोजा. एन्ट्री लेव्हलची मुदत अनेक वर्षं सलग 180 दिवसांची होती. पुढे नियमांत बदल झाले आहेत, म्हणून तुमच्या काळातला नियम धरा. इथे एक बारकावा हमखास सुटतो. मुदत मोजतात ती घरी निघाल्याच्या तारखेपर्यंत नाही, तर सेवेतून काढण्याची नोटीस हातात दिली त्या तारखेपर्यंत. 175 व्या दिवशी नोटीस मिळाली आणि 195 व्या दिवशी सुटका झाली, तरी 180 दिवसांच्या नियमाने तुम्ही एन्ट्री लेव्हलमध्येच मोडता. उलट नोटीस 185 व्या दिवशी दिलेली असेल, तर 'अनकॅरॅक्टराइज्ड' हा दर्जाच नियमाला धरून नाही, आणि हा मुद्दा फक्त तारखांवर जिंकता येतो. म्हणून नोटिशीचा कागद सोन्यासारखा जपा.

फाइल मागवा

फाइल हातात आल्याशिवाय अर्जाचा एक शब्दही लिहू नका. एसएफ-180 हा फॉर्म भरून, किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सोयीतून, सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे संपूर्ण सेवा फाइल मागा. उपचारांची फाइल बऱ्याचदा माजी सैनिकांच्या खात्याकडे, म्हणजे व्हीएकडे, गेलेली असते. ती तिथे वेगळी मागावी लागते. मागणीत 'संपूर्ण फाइल' असं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसती डीडी-214 ची प्रत हातावर ठेवतात.

आलेल्या गठ्ठ्यातून हे कागद बाजूला काढा: भरतीच्या वेळी तुम्ही स्वतः भरलेला आरोग्याचा इतिहास (डीडी फॉर्म 2807-1), त्याच वेळची डॉक्टरी तपासणी (डीडी फॉर्म 2808), ट्रेनिंगमधल्या सिक कॉलच्या, म्हणजे आजारी पडल्यावर डॉक्टरांकडे गेल्याच्या, नोंदी, हलक्या कामाच्या चिठ्ठ्या, एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल. आर्मीत असाल तर डीए फॉर्म 4707 सुद्धा. वैद्यकीय निकषात बसत नाही म्हणून काढलेल्यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या मंडळाने काय ठरवलं आणि त्यावर तुम्ही सहमतीची सही केली का, ते या फॉर्मवर असतं. बहुतेकांनी सही केलेली असते. थकलेल्या, घरी जायला उतावीळ झालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलापुढे कागद सरकवला की तो सही करतो. ती सही तुमच्या विरोधात वापरली जाते, पण तिने तुमचा हक्क संपत नाही. सही करताना पर्याय समजावले होते का, वकिलाशी बोलू दिलं होतं का, हे अर्जात लिहा.

व्हीएचा दावा आजच लावा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि तेही विनाकारण. डिस्चार्ज सुधारेपर्यंत काहीच मिळणार नाही, असं समजून माणसं वर्षानुवर्षं थांबतात. व्हीएच्या नियमांत एन्ट्री लेव्हलचा अनकॅरॅक्टराइज्ड डिस्चार्ज अपात्र ठरत नाही. ट्रेनिंगमध्ये झालेल्या किंवा वाढलेल्या दुखापतीसाठी भरपाईचा दावा (फॉर्म 21-526ईझेड) थेट लावता येतो. 24 महिन्यांच्या किमान सेवेची अट या भरपाईला लागू नाही. सुटल्यापासून वर्षाच्या आत दावा लावलात आणि तो मंजूर झाला, तर भरपाई सुटकेच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. कागद जमले नसतील तर 'दावा लावण्याचा इरादा' नोंदवणारा फॉर्म 21-0966 द्या. तारीख एक वर्ष राखली जाते.

शिवाय भरतीच्या तपासणीत जो आजार नोंदलेला नाही, त्या बाबतीत तुम्ही धडधाकट होतात असंच व्हीएला गृहीत धरावं लागतं. आजार आधीपासून होता आणि सेवेत वाढला नाही, या दोन्ही गोष्टी निर्विवाद पुराव्याने सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह या अर्धवेळ दलांतून ट्रेनिंगला गेलेल्यांना मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही. दुखापत ट्रेनिंगच्या काळातच झाली हे त्यांनी स्वतः दाखवायचं असतं.

व्हीएने दुखापत सेवेशी जोडलेली मानली, तर तो निर्णय पुढे बोर्डापुढे ठेवता येतो. बोर्डावर तो बंधनकारक नसतो, पण वजनदार असतो.

कोणत्या बोर्डाकडे जायचं

दोन दारं आहेत, आणि चुकीचं दार ठोठावण्यात वर्ष सहज जातं.

डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड: फॉर्म डीडी 293, सुटल्यापासून 15 वर्षांच्या आत. हे बोर्ड दर्जा आणि लिखित कारण बदलू शकतं. वैद्यकीय अपंगत्वाचा डिस्चार्ज देणं त्याच्या हातात नाही. चुकीने पडलेला जेजीए, चुकीने मोजलेले दिवस, यासाठी हे दार.

रेकॉर्ड दुरुस्तीचं बोर्ड: फॉर्म डीडी 149, चूक लक्षात आल्यापासून 3 वर्षांच्या आत. उशीर झाला असेल तर न्यायाच्या दृष्टीने तो माफ करावा अशी विनंती त्याच अर्जात करता येते; उशिराचं कारण मात्र पटण्याजोगं हवं. 'मला अपंगत्व मूल्यांकनासाठी पाठवायला हवं होतं' ही मागणी इथेच करायची. त्यात 30 टक्के किंवा जास्त मूल्यांकन ठरलं तर वैद्यकीय निवृत्ती, त्याहून कमी ठरलं तर साधारणपणे एकरकमी रक्कम. म्हणजे निव्वळ शब्दाच्या बदलापेक्षा ही मागणी कितीतरी मोठी आहे.

फक्त पुन्हा भरती व्हायचं असेल, तर बोर्डाआधी भरती कार्यालयात जा. आरई-3 हा कोड सवलतीने माफ होऊ शकतो. निव्वळ भरतीची वाट मोकळी व्हावी म्हणून कोड बदलायला बोर्डं सहसा तयार नसतात.

युक्तिवाद आणि पुरावा

बोर्ड सुरुवात करतं ते सैन्याने सगळं नियमाप्रमाणे केलं असं धरून. ते खोडून काढायचं काम तुमचं. समजा, सातव्या आठवड्यात पाठीवर ओझं घेऊन केलेल्या मार्चनंतर नडगी दुखू लागली, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं आणि कागदावर कोड पडला जेएफडब्ल्यू, म्हणजे दोष भरतीपूर्वीचा. अशा वेळी कमकुवत अर्ज म्हणतो: 'माझ्यावर अन्याय झाला, मला देशाची सेवा करायची होती.' ताकदीचा अर्ज म्हणतो: 'डीडी 2808 मध्ये पाय निर्दोष नोंदवले आहेत, जोडपत्र 1. सिक कॉलची पहिली नोंद ट्रेनिंगच्या 46 व्या दिवसाची, जोडपत्र 2. एमआरआय 52 व्या दिवसाचा, जोडपत्र 3. भरतीपूर्वीच्या पायाच्या उपचाराची एकही नोंद फाइलमध्ये नाही. म्हणून 26 आणि 28 हे रकाने चुकीचे आहेत, आणि प्रकरण अपंगत्व मूल्यांकनाकडे पाठवावं.'

यासोबत आजच्या डॉक्टरांचं मत जोडा. 'रुग्णाला पायाचा त्रास आहे' अशी चिठ्ठी कुचकामी. डॉक्टरांनी सेवेतली फाइल वाचल्याचं लिहावं, आणि दुखापत सेवेतल्या श्रमांमुळे होण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे का, ते कारणांसह सांगावं.

लहानपण भारतात गेलं असेल तर आणखी एक दार उघडतं. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या फॅमिली डॉक्टरांची फाइल, शाळेच्या क्रीडास्पर्धांची प्रमाणपत्रं, लहानपणी दम्याचं औषध कधीच दिलं नव्हतं असं डॉक्टरांचं पत्र, हे सगळं 'आजार आधीपासून होता' या दाव्याला उत्तर देतं. मराठी कागदाबरोबर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर घरच्यांऐवजी त्रयस्थाकडून करून घेतलेलं बरं.

मानसिक आजार, मेंदूला मार किंवा लैंगिक अत्याचार हे कारण असेल, तर संरक्षण खात्याच्या 25 ऑगस्ट 2017 च्या मार्गदर्शक पत्राचा उल्लेख जरूर करा. अशा प्रकरणांत बोर्डाने पुराव्याकडे उदारपणे पाहावं, असं त्यात सांगितलं आहे. अत्याचाराची तक्रार त्या वेळी नोंदवली नव्हती म्हणून गप्प बसू नका. जवळच्यांना तेव्हा लिहिलेली पत्रं, मेसेज हेही पुराव्यात चालतात.

भरतीच्या वेळी एखादा आजार लपवला असेल, तर अर्ज करण्याआधी वकिलाला भेटा. फॉर्मवरची सही खरेपणाची असते आणि खोट्या विधानाला शिक्षा आहे.

पाठवणं आणि पुढचं

अर्जाला फी नाही. मूळ कागद कधीच पाठवू नका. जोडपत्रांना क्रमांक द्या, निवेदन दोन-तीन पानांत बसवा आणि सही करा. सही नसलेला अर्ज जसाच्या तसा परत येतो. पत्ता बदलला तर लगेच कळवा. बोर्डांचे जुने निर्णय, नावं काढून, सर्वांना वाचता येतील असे ऑनलाइन ठेवलेले असतात. तुमच्यासारखाच कोड असलेले पाच-सहा निर्णय वाचा, विशेषतः नामंजूर झालेले. तुमच्या अर्जातली भोकं तिथे दिसतील.

डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डात फाइलवरचा निर्णय किंवा सुनावणी यांतलं निवडता येतं. आधी फाइलवर निर्णय मागा; तो विरोधात गेला तर 15 वर्षांच्या आत सुनावणी मागण्याची संधी उरते. रेकॉर्ड दुरुस्तीच्या बोर्डासाठी कायद्याने बहुतेक प्रकरणांना 10 महिन्यांचं उद्दिष्ट आणि कमाल 18 महिने ठरवलेत, तेव्हा धीर धरावा लागतो. नकार आला तर त्यातली कारणं एकेक वाचा. नवा पुरावा मिळाला की रेकॉर्ड दुरुस्तीच्या बोर्डाकडे पुनर्विचार मागता येतो. त्यापुढे फेडरल न्यायालय. तिथे वकिलाशिवाय जाऊ नका.

मदत मोफत मिळते. काउंटीचा (जिल्ह्याचा) व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर, अमेरिकन लीजन आणि डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटना, आणि कायद्याच्या महाविद्यालयांची सहाय्य केंद्रं ही कामं करतात. 'नक्की अपग्रेड करून देतो' म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

ग्रीन कार्डधारकांसाठी एक वेगळी सूचना. सैन्यसेवेच्या आधारे नागरिकत्व मागायचं असेल तर सेवा सन्मानपूर्वक झाल्याचा दाखला लागतो, आणि 'अनकॅरॅक्टराइज्ड' तिथे अडचणीचा ठरू शकतो. ही वाट धरायची असेल तर नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला डीडी-214 ची मेंबर-4 प्रत दाखवा.