चाइल्ड प्रोसेसची वाट मुदत घालून कशी पाहावी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत भट्टीच्या तापमानाच्या नोंदींवरून दर पाळीअखेर अहवाल काढणारा प्रोग्राम आहे, असे समजू. मुख्य प्रोग्राम हे काम चाइल्ड प्रोसेसकडे, म्हणजे त्यानेच सुरू केलेल्या वेगळ्या प्रोसेसकडे, सोपवून वेटपिडवर (चाइल्ड संपेपर्यंत वाट पाहणाऱ्या सिस्टम कॉलवर) थांबतो. परंतु डेटाबेसकडून उत्तर आले नाही, तर चाइल्ड अडकते आणि तिच्यापायी मुख्य प्रोग्रामही खोळंबतो, कारण वेटपिडला मुदत देण्याची सोयच नाही. वेटपिडला न थांबता लगेच परतायला सांगणारा डब्ल्यूनोहँग हा पर्याय वापरून दर सेकंदाला विचारपूस करता येते, आणि एकाच चाइल्डसाठी तेवढे पुरेसेही आहे. मात्र निकाल लागताच कळायला हवा असेल, तर चाइल्डची वाट पाहायला थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा, बरा.

आधी फोर्क करावे, म्हणजे चाइल्ड निर्माण करावी, आणि नंतरच थ्रेड सुरू करावा, कारण फोर्कनंतर चाइल्डमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड उरतो आणि इतर थ्रेडनी धरलेली कुलुपे (सामायिक माहिती एका वेळी एकाच थ्रेडला वापरू देणारी) तशीच अडकून राहतात. नव्या थ्रेडने चाइल्ड संपेपर्यंत थांबावे, मग म्युटेक्स, म्हणजे असेच एक कुलूप, घेऊन ‘संपले’ हा झेंडा लावावा आणि कंडिशन व्हेरिएबलला (थांबलेल्या थ्रेडला जागे करण्याच्या साधनाला) सिग्नल द्यावा. मुख्य थ्रेडने त्याच व्हेरिएबलवर टाइमडवेट करावे, म्हणजे मुदतीपर्यंतच थांबावे, तेही झेंडा तपासणाऱ्या लूपमध्ये, कारण विनाकारण जाग येऊ शकते. टाइमडवेटला ‘पाच मिनिटे’ असा कालावधी नव्हे, तर नेमकी अंतिम वेळ द्यावी लागते. ती मोनोटोनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणाऱ्या, घड्याळावर मोजावी, नाहीतर संगणकाची वेळ कोणी बदलली की मुदतही सरकते.

खरी मेख पुढे आहे. मुदत संपताच मुख्य थ्रेड चाइल्डला किल करायला, म्हणजे सिग्नल पाठवून संपवायला, जातो, पण त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडच्या वेटपिडने संपलेल्या चाइल्डची नोंद काढून टाकलेली असेल, तर तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो. म्हणून थ्रेडमध्ये वेटपिडऐवजी वेटआयडी घ्यावे आणि त्याला डब्ल्यूएक्झिटेड (संपलेल्या चाइल्डची वाट पाहा) याबरोबर डब्ल्यूनोवेट (नोंद काढू नका) हा पर्याय द्यावा, म्हणजे चाइल्ड संपल्याचे कळते, पण नोंद तशीच राहते आणि पीआयडी पुन्हा वाटला जात नाही.

मुदत उलटल्यावर प्रथम सिगटर्म हा संपण्याची विनंती करणारा सिग्नल पाठवून थोडा अवधी द्यावा आणि त्यानेही भागले नाही तरच सक्तीने संपवणारे सिगकिल वापरावे. चाइल्डने स्वतःच्या प्रोसेस सुरू केल्या असतील, तर तिला आरंभीच वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये ठेवून सिग्नल संपूर्ण ग्रुपला द्यावा. शेवटी थ्रेड जॉइन करून मुख्य थ्रेडनेच वेटपिड करावे, नाहीतर झोंबी, म्हणजे संपलेल्या चाइल्डची नुसती नोंद, मागे राहते.

लिनक्स ५.३ पासून पिडएफडी (प्रोसेसकडे निर्देश करणारा फाइल डिस्क्रिप्टर) आणि पोल (त्यावर मुदतीसह वाट पाहणारा कॉल) यांच्या साहाय्याने हे थ्रेडविनाही साधते, आणि पायथनच्या सबप्रोसेस या मॉड्यूलमध्ये ३.३ आवृत्तीपासून वेटला थेट टाइमआउट देता येतो. मात्र मुदत संपल्यावर तेथेही चाइल्डला किल करणे आपल्याकडेच राहते.